आमदारकी गेली, मास्तर राहिले

कामगारांच्या मोर्चातून पुढे आलेला माणूस आमदार झाला की त्याचं आणि त्याच्या मागच्या माणसांचं काय होतं? गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिल्यापासून मुंबईत हा प्रश्न फारसा निघत नाही. बंगळुरूतल्या एका मराठी घरात मात्र तो हटकून निघतो. मामा मूळचे सोलापूरचे. दूरवाणीनगरच्या आयटीआयमध्ये, म्हणजे सरकारी टेलिफोन कारखान्यात, फिटर होते. भाची व्हाइटफील्डला सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेची सभासदही आहे. वादाला निमित्त असतं सोलापूरच्या विडी कामगारांचे पुढारी आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे माजी आमदार नरसय्या आडम यांचं. सोलापूरकर त्यांना आडम मास्तर म्हणतात. मामांना त्यांची कारकीर्द आदर्श वाटते. भाचीला तिच्यात कामगार राजकारणाची हार दिसते.

भाची : मामा, आधी हिशेब मांडू. मास्तर १९७८, १९९५ आणि २००४ अशा तीन निवडणुका जिंकले. २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ या चारही ओळीने हरले. ज्यांच्यासाठी जन्म घातला त्यांनीच मत दिलं नाही. मग याला यशस्वी कारकीर्द का म्हणायचं?

मामा : किती वेळा गुलाल लागला यावरच मोजायचं असेल तर सोलापुरात त्यांच्याहून मोठे पुष्कळ निघतील. मी दुसरं विचारतो. गुलाल उतरल्यावर माणसानं काय केलं? अक्कलकोट रस्त्याला कुंभारी गाव आहे. तिथं गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांची वसाहत आहे, १०,००० घरांची. २००६ साली मनमोहनसिंग येऊन किल्ल्या देऊन गेले. तेव्हा मास्तर आमदार होते, मान्य. पण त्याच कुंभारीत रे नगर उभं राहिलं ते ३०,००० घरांचं. त्याची पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये झाली आणि पहिली १५,००० घरं जानेवारी २०२४ मध्ये ताब्यात दिली. या सगळ्या काळात मास्तर माजी आमदार होते. आमदारकी असताना दहा हजार, गेल्यावर तीस हजार. हा हिशेब कुठं मांडायचा, सांग.

भाची : बिल्डरच्या खात्यावर! युनियनचं काम मजुरीचं, कामाच्या तासांचं, भविष्यनिर्वाह निधीचं. घरं बांधणं हे युनियनचं काम कधीपासून झालं? विडी कामगाराला हजार विड्यांमागे सरकारनं ठरवलेली किमान मजुरीसुद्धा पुरी पडत नाही. ते भांडण अवघड, त्यात मालक समोर उभा असतो. घराच्या योजनेत समोर मंत्री असतो आणि हारतुरे असतात. सोपी वाट धरली असं मी म्हणेन.

मामा : तुझ्या आजीनं विड्या वळल्या, ते तू पाहिलं नाहीस. विडी कारखान्याच्या ब्रँचमधून पान आणि तंबाखू आणायची. पान भिजवायचं, कात्रीनं कापायचं, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड दाबायचं. संध्याकाळी हजार विड्या घेऊन ब्रँचला गेली की तिथं तपासणारा बसलेला. त्यानं मूठभर ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या की त्यांची मजुरी नाही, आणि विड्या मात्र मालकाच्याच. पान कमी पडलं तर पदरचं विकत आणायचं. हे सगळं कुठं चालायचं? दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत. चूल तिथं, पोरं तिथं, तंबाखूची धूळ तिथं. गिरणीवाल्याला घर आणि गिरणी वेगळी होती. विडीवालीला घर हाच कारखाना. तिच्या घराचा प्रश्न हा कामाच्या जागेचा प्रश्न आहे. तो युनियनचा नाही तर कुणाचा?

भाची : अहो, तेच तर माझं म्हणणं आहे! १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांचा कायदा आला. कारखान्यात बसवलं तर जागा, हवा, पाणी, संडास, पाळणाघर असं सगळं मालकाला द्यावं लागणार होतं. मालकांनी काम घराघरांत वाटलं आणि मोकळे झाले. आता त्या घरांना केंद्र सरकारनं अनुदान दिलं, राज्यानं दिलं आणि उरलेलं कर्ज बाईनं काढलं. म्हणजे मालकाची शेड सरकारनं आणि कामगारानं मिळून बांधून दिली. मालकाचा खर्च शून्य. हा कामगारांचा विजय कसा झाला?

मामा : हे तू बरोबर पकडलंस. याला माझ्याकडं पुरतं उत्तर नाही. पण अर्धं आहे. भाड्याच्या खोलीत राहणारी बाई ब्रँचवाल्याशी भांडत नाही. आठवडाभर काम बंद झालं की भाडं थकतं आणि खोली जाते. संपात पहिला माघार घेतो तो भाडेकरू, हे मी इथं डोळ्यांनी बघितलंय. घर स्वतःच्या नावावर असलं की माणूस चार दिवस जास्त तग धरतो. आणि घर बाईच्या नावावर, हे विसरू नको. नवरा दारू पिऊन आला तरी उंबऱ्याबाहेर कोण जाणार, याचं उत्तर तिथं बदललं.

भाची : तग धरायला घर मिळालं, पण भांडायला बळ उरलं का? जानेवारी २०१९ मध्ये नरेंद्र मोदी पायाभरणीला सोलापुरात आले. मास्तरांनी मोदींची आणि फडणवीसांची स्तुती केली. त्यांच्याच पक्षानं मार्चमध्ये त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केलं. जन्मभर लाल झेंडा खांद्यावर घेतलेला माणूस निवडणुकीच्या तोंडावर समोरच्या पक्षाच्या पंतप्रधानांचे गोडवे गातो. घरांची खरी किंमत हीच होती, मामा. अनुदानाच्या कागदावर ती लिहिलेली नव्हती एवढंच.

मामा : पाहुणा घर देऊन चाललाय आणि यजमानानं त्याला चार चांगले शब्दही बोलायचे नाहीत?

भाची : पंतप्रधान पाहुणे कसे? पैसा लोकांचा, योजना लोकांच्या करातून आलेली. २००६ मध्ये काँग्रेसचे पंतप्रधान आले होते, २०१९ मध्ये भाजपचे. योजना हक्काची असेल तर आभार कशाला? आणि आभार मानावे लागत असतील तर तो हक्क नाही, मेहेरबानी आहे. युनियन मेहेरबानीवर चालायला लागली की संपलीच.

मामा : तू पुस्तकातलं बरोबर बोलतेस. आता विधानसभेतलं बघ. १९७८ मध्ये महाराष्ट्रात माकपचे नऊ आमदार होते. १९९५ मध्ये तीन, २००४ मध्येही तीन. २८८ जणांच्या सभागृहात तीन माणसं कायदा करू शकत नाहीत आणि सरकार पाडू शकत नाहीत. त्यांनी करायचं काय? एक तर रोज सभात्याग करून पेपरात नाव छापून आणायचं, नाही तर सरकारच्या खिशात हात घालून आपल्या माणसांचं जेवढं निघेल तेवढं काढायचं. मास्तरांनी दुसरी वाट धरली. फाइल कोणत्या टेबलावर अडते, कोणत्या योजनेत कुणाला बसवता येतं, हे त्यांना आमदारकीनं शिकवलं. ती विद्या पराभवानंतर काढून घेता येत नाही.

भाची : मग लोकांनी पाडलं का? त्याचं उत्तर तुम्ही दरवेळी टाळता.

मामा : टाळत नाही. त्याचं एक उत्तर तर नकाशात आहे. मतदारसंघांची फेररचना झाली आणि २००९ पासून मास्तर सोलापूर शहर मध्यमधून लढायला लागले. तो मतदारसंघ महापालिकेच्या प्रभागांचा. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात, शहराबाहेर. म्हणजे स्वतःच्या वस्त्यांतली कुटुंबं उचलून या माणसानं स्वतःच्या मतदारसंघाबाहेर नेऊन वसवली. कुठला आमदार असं करतो? बाकीचे बाहेरचे मतदार आत आणून बसवतात.

भाची : हे मला माहीत होतं, पण असं कधी मनात आलं नव्हतं. तरी मामा, नुसत्या नकाशानं चार पराभव होत नाहीत. २००९ मध्ये सुशीलकुमार शिंद्यांची मुलगी प्रणिती निवडून आली. २०२४ मध्ये भाजपचे देवेंद्र कोठे आले आणि दुसऱ्या क्रमांकावर एमआयएम राहिली. मजुरीच्या मोर्चात विडीवाली कामगार असते. मतदानाच्या रांगेत ती पद्मशाली असते, मुसलमान असते, मोची असते. मास्तरांनी तिला घर दिलं, पण मत देताना ती कामगार म्हणून उभी राहील असं काही घडवलं नाही.

मामा : हे दुखणं सोलापुरातच सुरू झालं असं समजू नको. जून १९७० मध्ये लालबागचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. गिरणगावचा माणूस, गिरणगावातच मारला. पोटनिवडणुकीला त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई उभ्या राहिल्या. सहानुभूती होती, झेंडा होता, युनियन होती. निवडून आले शिवसेनेचे वामनराव महाडिक, सेनेचे पहिले आमदार. दिवसा गिरणीत लाल बावट्याची वर्गणी भरणारा माणूस रात्री चाळीत वेगळा विचार करत होता. मग डॉक्टर दत्ता सामंत बघ. १९७२ मध्ये काँग्रेसचे आमदार झाले. १९८२ चा संप फसला, गिरण्या बसल्या, तरी १९८४ मध्ये, इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेत, याच गिरणगावानं त्यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं. संप हरलेल्या पुढाऱ्याला लोकांनी निवडून दिलं आणि घरं देणाऱ्या पुढाऱ्याला पाडलं. मतांचं गणित कामाच्या वहीत बसत नाही.

भाची : किंवा असं म्हणा की लोकांनी लढणाऱ्याला मत दिलं आणि मिळवून देणाऱ्याचे आभार मानून घरी गेले. मिळालं की माणूस कामगार राहत नाही, घरमालक होतो. घरमालकाचे प्रश्न वेगळे. रस्ता, पाणी, हप्ता, पोराची शाळा. त्याला मग नगरसेवक पुरतो, पुढारी लागत नाही.

मामा : हां, हे बोललीस ते खरं. यशानंच पाया खचतो.

भाची : तुमचाच अनुभव घ्या ना. १९८०-८१ चा संप.

मामा : तो काय सांगावा! एचएएल, बीईएल, एचएमटी, बीईएमएल आणि आमची आयटीआय, अशा पाच सरकारी कंपन्या. सुमारे सव्वा लाख माणूस बाहेर. डिसेंबरच्या शेवटी सुरू झाला तो ७७ दिवस चालला. मागणी काय, तर भेलच्या कामगारांइतका पगार. कन्नड, तमिळ, मल्याळी, तेलुगू, मराठी सगळे एका रांगेत. मला सोलापुरामुळं कन्नड येत होतं, तेलुगू कळत होतं. गेटवरच्या सभेत त्याचा किती उपयोग झाला म्हणून सांगू! पण मागणी पदरात पडली नाही. बंगळुरूच्या कामगारांचा कणा तिथंच वाकला.

भाची : आणि दोन वर्षांत, १९८३ च्या जानेवारीत, गुंडूराव सरकार पडलं आणि रामकृष्ण हेगडे आले. संप हरला तरी सरकार बदललं. त्या नव्या वाऱ्यात कामगारांचा आवाज किती वर्षं टिकला? तुमच्याच कारखान्यातले मायकेल फर्नांडिस आमदार झाले. आणीबाणीत तुरुंगात बसलेला माणूस, जॉर्जचा भाऊ. तेव्हा तर कामगारांनी भरलेलं शहर होतं हे. तरी त्यांच्यामागं त्याच वाटेनं चालत आलेल्यांची रांग लागली नाही.

मामा : कारण रांग ज्या गेटसमोर लागते तेच गेट ओस पडलं. एचएमटीचा घड्याळाचा कारखाना बंद झाला, आमची आयटीआय निम्म्याहून रिकामी झाली. पूर्वी एका भोंग्याला हजारो माणसं एका दारातून बाहेर पडायची. पुढाऱ्याला ओरडायला स्टूल पुरत होतं. आता तुझ्या कंपनीत कोण कुठल्या दारानं जातं, कुणाचा पगार किती, तुला तरी माहीत आहे का?

भाची : नाही. पण पुढारी नसतानाही लोक बाहेर पडतात, मामा. एप्रिल २०१६ आठवा. भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा वाटा ५८ वर्षांपर्यंत काढता येणार नाही, असा नियम केंद्रानं काढला. होसूर रोड, बोम्मनहळ्ळी, पीण्या, जालहळ्ळी इथल्या कपडे शिवणाऱ्या बायका मशिनं सोडून रस्त्यावर आल्या. कुठल्या मोठ्या युनियननं हाक दिलेली नव्हती. शहर दोन दिवस ठप्प झालं आणि १९ एप्रिलला सरकारनं नियम मागं घेतला. ना आमदार, ना मास्तर.

मामा : आणि तिसऱ्या दिवशी?

भाची : तिसऱ्या दिवशी मशिनं सुरू. पोलिसांच्या केसेस मागं राहिल्या.

मामा : बघ. लाट आली, सरकारला हलवून गेली, पण मागं रजिस्टर राहिलं नाही. पुढं फेब्रुवारी २०२३ मध्ये याच राज्यात कारखान्यात दिवसाला १२ तासांपर्यंत काम घेता येईल अशी दुरुस्ती झाली. २०१६ च्या त्या बायकांतली एक जरी विधानसभेत असती, तर बारा तास मशिनवर बसल्यावर पायांचं काय होतं हे तिनं सभागृहाला सांगितलं असतं. दुरुस्ती कदाचित झालीच असती. पण गुपचूप झाली नसती.

भाची : २०२४ च्या जुलैत आमच्यासाठी १४ तासांच्या दिवसाचा प्रस्ताव निघाला. आमच्या संघटनेनं आवाज उठवला, देशभर बोभाटा झाला आणि तो मागं पडला. आणि २०२५ मध्ये कर्नाटकानं गिग कामगारांचा कायदा केला. अॅपवरून जेवण पोचवणारे, गाडी चालवणारे यांच्यासाठी मंडळ असेल आणि कंपनीनं दर मोबदल्यामागं १ ते ५ टक्के कल्याण शुल्क भरायचं. सभागृहात त्यांच्यातला एकही माणूस नसताना कायदा झाला.

मामा : चांगलं झालं. पण ही युक्ती नवी आहे असं समजू नको. १९६९ मध्ये महाराष्ट्रानं माथाडी कायदा केला. आज या व्यापाऱ्याची पोती, उद्या त्या व्यापाऱ्याची. मालक एक नाही, मग हक्क मागायचा कुणाकडं? उत्तर असं निघालं की मंडळ नेमायचं, हमालाची आणि व्यापाऱ्याची दोघांची नोंद करायची, मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात भरायची. त्यातून फंड, बोनस, रजा, औषधपाणी. त्या लढ्यात अण्णासाहेब पाटील होते, स्वतः माथाडी, नंतर विधान परिषदेत गेलेले. पण कायदा केला म्हणून मंडळ चाललं नाही. व्यापारी लेव्ही चुकवतो की नाही हे बघायला बाजारात युनियनचा माणूस उभा होता म्हणून चाललं. तुझ्या गिग मंडळात उद्या शुल्क जमा होईल. ते अॅपवाल्यानं खरं दाखवलं की खोटं, हे कोण तपासणार?

भाची : आम्ही तपासू. अॅपचं गणित आम्हालाच कळतं; ते आमच्यासारख्यांनीच लिहिलंय.

मामा : मग तुला आमदार नको, हे खरं नाही. तुला पाहिजे तो आमदार निराळा आहे.

भाची : बरं, मान्य करते, पण माझ्या अटीवर. मास्तरांकडून घ्यायचं ते घरांचं नाही, घरांआधीचं. त्यांनी आधी सहकारी संस्था काढली, बायकांना सभासद करून घेतलं, एकेकीकडून वर्गणी गोळा केली आणि मग सरकारच्या दारात गेले. मागे नावांचं रजिस्टर होतं म्हणून मंत्र्यांनी दार उघडलं. ते रजिस्टर आमदारकीबरोबर हरवलं नाही, म्हणूनच हरल्यावरही त्यांना काम करता आलं. माझा आक्षेप पुढचा आहे. रजिस्टर बायकांचं, पण त्यांच्या वतीनं मोदींसमोर पायाभरणीच्या दिवशी काय बोलायचं ते ठरवलं एका माणसानं. पक्षाला विचारलं नाही आणि बायकांनाही विचारलं नाही.

मामा : विचारलं असतं तर बायका म्हणाल्या असत्या, चार शब्द गोड बोला, पण घर आणा.

भाची : कदाचित. पण मग ते शब्द त्यांचे झाले असते आणि त्यांचा तोटाही त्यांनी पत्करलेला असता. एकटे मास्तर कुणाच्या नजरेतून उतरले नसते.

मामा : म्हणजे पुढारी पाहिजे, त्याला फाइल कळली पाहिजे, तो हरला तरी चालेल...

भाची : हरला तरी चालेल. जिंकला तर व्यासपीठावर जाण्याआधी भाषण सभासदांसमोर वाचून दाखवायचं.

मामा : असला आमदार तुला मिळायचा नाही, पोरी.

भाची : आयता मिळणार नाहीच. आधी ते सभासद नोंदवायला लागतील. आमच्या मजल्यावरच्या पुष्कळांना अजून संघटनेचं नावसुद्धा ठाऊक नाही.